डावीकडचे चार चौकोन

१

वाद्यांच्या दुकानात शिरले आणि सवयीने स्टुलाच्या उजव्या टोकाला टेकले. स्टूल एका माणसाचं, त्यामुळे निम्मी मी हवेतच होते. चिमणीने मागून दंड धरला नसता तर पहिल्याच पॅडसमोर लोटांगण घातलं असतं.

"वहिनी, मध्ये बस," ती म्हणाली.

मी मध्ये सरकले. मग थोडा वेळ आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

चिमणी माझी नणंद. लहानपणी अगदी किरकोळ होती म्हणून हे नाव पडलं. आता बँकेत ती काउंटरमागे बसली की लोक न सांगता रांग धरतात. तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, जाऊन वर्ष होत आलं होतं. आम्ही नवरा-बायको ऑर्केस्ट्रात वाजवायचो, आणि तेही एकाच पॅडवर. पॅड म्हणजे आठ रबरी चौकोनांची पेटी. एका चौकोनात ड्रम, दुसऱ्यात झांज, तिसऱ्यात खुळखुळा, असे आवाज भरलेले असतात. बाकीचे लोक काड्यांनी वाजवतात, आम्ही बोटांनी वाजवायचो. डावीकडचे चार चौकोन त्याचे, उजवीकडचे चार माझे. सुरुवातीला दुसरं पॅड घ्यायची ऐपत नव्हती. पुढे ऐपत आली, पण तोवर एकट्याने वाजवायचं दोघंही विसरून गेलो होतो.

मी जन्माची घाईची. माझा ठोका तसूभर आधी पडतो. त्याचा तसूभर मागे पडायचा. दोन्ही मिळून लय कशी चपखल बसायची. मी फारच पळायला लागले की तो वाजवता वाजवता चार बोटं माझ्या हाताच्या पाठीवर टेकवायचा. हळू, एवढाच त्याचा अर्थ. आमच्यात यावरून भांडणंही पुष्कळ झाली, कारण मला कुणी हळू म्हटलेलं खपत नाही.

जुन्या पॅडने मान टाकली होती आणि पुढच्या महिन्यात कार्यक्रम होता, तो गेल्यानंतरचा माझा पहिलाच. दुकानदाराने विचारलं की पॅड स्टेजसाठी हवंय की घरी रेकॉर्डिंग करायला. मी म्हटलं, दोन्हीला. त्याने सुस्कारा सोडला. सगळ्यांना दोन्हीलाच हवं असतं, म्हणाला. मग त्याने दोन पॅडं शेजारी शेजारी मांडली. एकाचं रबर जाड, चांगलं ठणठणीत. त्याला जोरात मारलेलंच कळतं. स्टेजवर स्पीकरच्या धडधडीने सगळं हलत असतं, तिथे असं थोडं बहिरं पॅडच बरं. दुसऱ्याचं रबर पातळ. त्याला बोट नुसतं टेकलं तरी कळतं, आणि प्रत्येक चौकोनाखाली एक दिवा, जितका दाब तितका उजेड. घरी बसून बारीक काम करायला छान, पण स्टेजवर नेलंत तर आपलं आपणच वाजायला लागेल.

"दोन्ही घेऊन जा वहिनी. चार दिवस वाजवून बघा, नको ते परत आणा," तो म्हणाला. धंद्यात सगळे मला वहिनीच म्हणतात. माझा नवरा या दुकानात दुपार दुपार पॅडं चाचपत बसायचा आणि काही न घेता उठायचा, तेव्हाही या माणसाने कधी तोंड वाकडं केलं नव्हतं.

२

आमची वाजवायची खोली घराच्या मागच्या बाजूला आहे. खिडकीला जाड पडदा, दाराच्या मागे खिळ्यांवर टांगलेली सतरंजी, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा आत येऊ नये. एक टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची उचलायची राहून गेली, असं मी लोकांना सांगते.

कप्तानाला एका गाण्याचा ठेका रेकॉर्ड करून हवा होता. कप्तान म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राचा म्होरक्या. कीबोर्ड वाजवतो आणि सगळ्यांना धारेवर धरतो. ठेका आधी मिळाला की बाकीच्यांना घरी तयारी करता येते. सोमवारी सकाळी मी जाड रबराच्या पॅडवर माझा भाग वाजवला, नवऱ्याचाही वाजवला आणि पाठवून दिला. तासाभरात कप्तानाचा फोन आला. वाजलंय स्वच्छ, म्हणाला, पण गाडी पळतेय. मला राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता. दोन्ही भाग माझेच, म्हणजे दुप्पट घाई.

दुसऱ्या दिवशी पातळ रबराचं पॅड लावलं. आधी फक्त माझे उजवीकडचे चौकोन वाजवले. डावीकडचा भाग जेवण झाल्यावर वाजवू असं ठरवलं आणि उठायच्या घाईत चुकून तेवढंच कप्तानाकडे गेलं. चूक लक्षात आल्यावर मी त्याला कळवणार, तेवढ्यात त्याचाच फोन.

"आता कसं बसलं," तो म्हणाला. "आणि दादांचा भागही छान जमलाय तुम्हाला. अगदी त्यांच्यासारखा रेललाय मागे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. फोन ठेवून आमटीखालचा गॅस बंद केला आणि मागच्या खोलीत गेले.

३

स्क्रीनवर प्रत्येक चौकोनाची एक ओळ असते आणि प्रत्येक ठोक्याची एक रेघ. माझ्या चार ओळींत जाडजूड रेघा होत्या. वरच्या चार, म्हणजे डावीकडच्या चौकोनांच्या ओळी कोऱ्या असायला हव्या होत्या. तिथे बारीक बारीक रेघा होत्या, माझ्या रेघांच्या तसूभर मागे.

याला उत्तर आहे आणि ते मला माहीत होतं. एका चौकोनावर मारलं की शेजारच्याला धक्का बसतो आणि तोही हलकेच वाजतो. धक्का पोचायला क्षण लागतो, म्हणून मागे पडतो. नवीन पॅडांत हे होतंच. दुकानदाराला फोन केला तर तोही तेच म्हणाला. पॅडचा कान कमी करा. धंद्यात आम्ही त्याला कान म्हणतो. पॅडने किती हलका स्पर्श ऐकायचा, ते ठरवणारं एक गोल बटण असतं. मी बटण मागे फिरवून पुन्हा वाजवलं. रेघा गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच, का कोण जाणे, वाईटही वाटलं.

पण ते गाणं मी शेकडो वेळा वाजवलेलं आहे. कडव्यानंतर एक जागा येते, तिथे मी थांबते आणि तो एकटा एक लहानशी सुरावट घ्यायचा. सुरावट म्हणजे ठोक्यांचीच, पण त्याच्या हातून ती गायल्यासारखी यायची. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना ते डोक्यात आलं. घड्या तशाच टाकून मी आधीचं रेकॉर्डिंग उघडलं आणि ती जागा शोधली. माझ्या ओळी तिथे मोकळ्या होत्या. मी काही मारलंच नव्हतं, तर धक्का कुठून बसणार. वरच्या ओळींत मात्र ती सुरावट होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी फ्रिज बंद केला. वरच्या मजल्यावर जाऊन त्यांचं कपडे धुवायचं मशीन कधी चालतं ते विचारून आले. त्यांना वाटलं मी तक्रार करायला आले. पॅडखाली गोधडीच्या घड्या घातल्या. जिना उतरणारं कुणी नाही ना, हे दार उघडून पाहिलं. मग बटण पुढे फिरवलं, हेडफोन लावले, गाणं सुरू केलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. खोलीत भर दुपार होती, पडद्याच्या फटीतून उन्हाची पट्टी आली होती.

जागा आली. डावीकडच्या तिसऱ्या चौकोनाखालचा दिवा लागला, पुसटसा. मग दुसऱ्याचा. पुन्हा तिसऱ्याचा.

भीती वाटायला हवी होती. मला आनंद झाला. इतका की हेडफोन काढून मी त्या रिकाम्या खुर्चीला म्हटलं, "आलास होय." आणि मग ढसाढसा रडले.

४

एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती, ती इथे सांगायला हवी.

त्याच्या आजारात हातांची ताकद हळूहळू गेली. आधी बरणीचं झाकण उघडेना, मग शर्टाचं बटण लागेना. वाजवायला मात्र तो शेवटपर्यंत आला. त्याची बोटं रबरावर पडायची ती नंतर नंतर पानावर पाखरू बसावं इतकी हलकी. मी कार्यक्रमाआधी त्याच्या चार चौकोनांचा कान थोडा थोडा वाढवत गेले, त्याच्या नकळत. बोट नुसतं टेकलं तरी स्पीकरमधून दणदणीत आवाज यायचा. वाजवताना तो माझ्याकडे वाकून विचारायचा, "ऐकू येतंय ना?" मी म्हणायचे, "फुल." त्याचा चेहरा असा खुलायचा की तेवढ्यासाठी मी कुणालाही फसवलं असतं. आपला हात अजून शाबूत आहे, असं समजूनच तो गेला. त्याच्यापासून एवढी एकच गोष्ट मी लपवून ठेवली होती.

त्या आठवड्यात मी रोज दुपारी गाणं लावायचे आणि तो रोज यायचा. पण बुधवारी जितका कान पुरला तितका गुरुवारी पुरेना. दिव्याचा उजेडही रोज कमी. मी बटण फिरवत राहिले. हाताला ती सवय होतीच, विचार करावा लागला नाही.

रविवारी चिमणी आली. मी तिला काही न सांगता हेडफोन दिले आणि गाणं लावलं. तिची पर्स खांद्यावरच होती. जागा आली तशी ती हलायची थांबली. सुरावट पुढे गेली आणि शेवटच्या ठोक्याआधीचा एक ठोका पडलाच नाही. तिथे नुसती फट राहिली. शेवटच्या कार्यक्रमात तोच ठोका त्याच्या हातून निसटला होता. आम्ही दोघी तिथे होतो, आम्हाला आठवत होतं.

चिमणीने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. 

"वहिनी," ती म्हणाली, "तो परत आजारी पडतोय गं."

५

बटण पुढे जाऊन जाऊन संपलं. कान पूर्ण उघडा झाला तसं पॅडला सगळंच ऐकू यायला लागलं, माझ्या खुर्चीची करकर, पाइपातलं पाणी, माझा श्वाससुद्धा. त्या सगळ्याच्या खाली आणखी एक आवाज होता. ठोका नव्हता तो. कातडी रबरावरून सरकल्याचा आवाज होता, कोरडा, थांबून थांबून. बोटं चौकोनाची कड शोधत होती. सापडली की थोडं थांबायची आणि पुढे सरकायची.

दिवे डावीकडून उजवीकडे लागत होते. त्याच्या शेवटच्या चौकोनाशी येऊन थांबले. त्यापलीकडे माझा चौकोन होता आणि त्यावर माझा हात टेकलेला होता. कड ओलांडून काहीतरी या बाजूला आलं. माझ्या करंगळीशेजारचा उजेड एकदम वाढला.

मी हात ओढून घेतला. आठवडाभर ज्याची वाट बघितली तो इतक्या जवळ आला आणि मी हात ओढून घेतला. का, ते अजून सांगता येत नाही. दिवा तसाच लागून राहिला होता. ठोक्याचा दिवा लागतो आणि विझतो. हा विझला नाही. कुणीतरी हात ठेवला होता आणि तो तिथेच होता.

चिमणी दाराशी उभी होती. त्या दिवशी तिने बँकेतून रजाच काढली होती. तिने आत येऊन माझे खांदे धरले आणि हळूहळू बोलली. हॉस्पिटलात उशाशी आपण दोघी होतो, म्हणाली, तेव्हा एकदा बघितलं ते पुरे झालं. आपण कान वाढवतो म्हणून तो येतो. अंगात त्राण नसताना येतो.

"त्याला निजू दे आता," ती म्हणाली. एवढं बोलून तिचाच बांध फुटला.

तिचं पटलं. मी बटण मागे फिरवायला लागले, ज्या गतीने पुढे नेलं होतं त्याच गतीने. उजेड कमी होत होत गेला. अगदी शेवटी खोलीत फक्त लॅपटॉपचा पंखा ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी पातळ रबराचं पॅड दुकानात परत केलं. दुकानदाराने निवड कशी केली ते विचारलं. स्टेजवर ते जाड रबराचंच बरं, असं काहीतरी मी सांगितलं. शहाणपणाचं केलंत, तो म्हणाला, आणि या दुसऱ्याला एक गिऱ्हाईक थांबलेलंच आहे, संध्याकाळी घेऊन जाईल. त्याने पॅड पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून वर चिकटपट्टी ओढली. मी बघत उभी राहिले.

६

कार्यक्रम संध्याकाळी होता, पण आवाज तपासायला आम्ही दुपारीच हॉलवर गेलो. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, मागे एक बाई केर काढत होती, साउंडवाला तारांच्या गुंत्यात बसून कुणावर तरी करवादत होता. मी स्टँड लावला, जाड रबराचं पॅड बसवलं, एकच स्टूल मागवलं आणि नीट मध्ये बसले. चिमणी पहिल्या रांगेत होती. तिने मला मान हलवून दाखवली.

बोटं रबराला चिकटू नयेत म्हणून आम्ही आधी पॅडवर टाल्कम पावडर टाकतो. डबा काढला आणि आठही चौकोनांवर टाकली. काळं रबर पांढरं झालं. डावीकडचंही, सवयीने.

कप्तानाने तेच गाणं घेतलं. डावीकडचा भाग मी आता डाव्या हाताने वाजवणार होते, घरी बसवला होता. पण पहिल्या फेरीला त्याने सांगितलं की आधी फक्त तुमची बाजू द्या, कीबोर्डचा आवाज जुळवायचाय. म्हणून मी उजवीकडचंच वाजवत गेले. जागा आली, थांबले.

डावीकडच्या तिसऱ्या चौकोनावर, पांढऱ्या पावडरीत, एक काळा ठिपका उमटला. बोटाच्या टोकाएवढा.

मग दुसऱ्या चौकोनावर. मग पुन्हा तिसऱ्यावर. या पॅडला दिवे नव्हते. स्पीकरमधून काहीही आलं नाही. ठिपके उमटत होते, तसूभर मागे, तो निसटणारा एक ठोका सोडून अख्खी सुरावट, आणि हॉलमध्ये त्या जागी नुसती शांतता होती.

मी त्याला निजवलं नव्हतं. मी फक्त पॅडचा कान बंद केला होता. तो वाजवतच होता.

सुरावट संपली. क्षणभर काही झालं नाही. मग तिसऱ्या चौकोनावर त्याच जागी पुन्हा बोट पडलं. पुन्हा पडलं. पुन्हा. आवाज येत नसेल तर वाजवणारा असंच करतो, तार निघालीय का, चौकोन बिघडलाय का, ते बघतो. पावडर उडून तिथलं रबर उघडं पडलं. मग ते थांबलं.

आता तो माझ्याकडे वाकला असणार, हे मला न बघता कळलं.

"फुल," मी म्हटलं. माइक चालू होता. शब्द सगळ्या हॉलभर गेला. केर काढणारी बाई वर बघायला लागली.

कप्तानाने काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, पुन्हा घ्या, मी म्हटलं. गाणं पुन्हा सुरू झालं. जागा आली तशी मी डावा हात त्याच्या चौकोनांवर नेला आणि त्याची सुरावट वाजवली, जिथे जिथे त्याची बोटं पडली होती तिथे तिथे. घाई केली नाही. प्रत्येक ठोका मागे, त्याच्यासारखा. निसटलेला ठोकाही घेतला. स्पीकरमधून दणदणीत आवाज आला. त्याला वाटावं की हे त्याचंच आहे, एवढंच माझ्या मनात होतं, आणि दुसरं काही नव्हतं.

"हां, आता बसलं," कप्तान कीबोर्डवरून म्हणाला.

मी हात उचलला. पावडर तळव्याला लागलेली असणार, ती झटकायला हात समोर धरला. डाव्या हाताच्या पाठीवर चार बोटं पांढरी उमटली होती.

मला काहीच जाणवलं नव्हतं. इतका हलका हात. मी पळायला लागले की तो अशी बोटं टेकवायचा, पण आज मी पळत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मी मागे वाजवत होते. हळू म्हणायला त्याने हात ठेवलेला नव्हता. माझ्या जागी तू वाजवू नकोस, असं तो सांगत होता. आजारात मी कान वाढवत होते हेही त्याला आजच कळलं असेल, की पूर्वीपासूनच माहीत होतं आणि माझा चेहरा खुलावा म्हणून तो विचारत राहिला, ते आता कुणाला विचारू.

चिमणी उठून स्टेजजवळ आली. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग पॅडकडे पाहिलं आणि परत जाऊन बसली.

संध्याकाळी हॉल भरला. दिवे लागले, कप्तानाने मान हलवली. मी पावडरीचा डबा उघडला आणि माझ्या चार चौकोनांवर टाकली. डावीकडचे चार तसेच काळे ठेवले. मग स्टुलाच्या उजव्या टोकाला सरकून बसले आणि फक्त माझी बाजू वाजवायला लागले.